हिम्यरचा ज्यू राजा: यूसुफ असअर यथअर ऊर्फ झू नुवास

दगडी दप्तर (धागाकर्ता)

बाब-अल-मंदबची सामुद्रधुनी हल्ली सारखी बातम्यांत असते. जहाजं अडली, विमा महागला, आफ्रिकेला वळसा घाला. पण ती वाट अडवायचा उद्योग दीड हजार वर्षांपूर्वीही झाला होता. इ.स. ५२३ मध्ये येमेनच्या एका राजाने 'मंदबची साखळी' पक्की केली आणि तसं दगडावर कोरून ठेवलं गेलं. हा राजा ज्यू होता. नाव यूसुफ असअर यथअर. अरबी इतिहासकार त्याला झू नुवास म्हणतात, ग्रीक दुनास, सिरियाक (पश्चिम आशियातल्या चर्चची जुनी भाषा) लिहिणारे ख्रिश्चन मसरूक. शत्रूंनी इतकी नावं ठेवलेल्या माणसावर मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढला.

हिम्यर हे येमेनच्या डोंगराळ मुलखातलं राज्य. राजधानी झफार, आजच्या यरीम गावाजवळ. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस त्यांनी शेजारचं सबा गिळलं (शेबाची राणी जिथली सांगतात तेच), पाठोपाठ हद्रमौत. म्हणजे धुपाचा मुलूख आणि लाल समुद्राचं तोंड, दोन्ही एका राजाच्या हातात.

मग इ.स. ३८०च्या सुमारास, राजा मलिककरिब आणि त्याच्या मुलांच्या काळात, शिलालेखांतून जुने देव नाहीसे होतात. अल्मकहसारख्या देवाला शतकानुशतकं नवस फेडले जात होते, मूर्ती वाहिल्या जात होत्या. ते सगळं थांबतं. राजांच्या लेखांत आता एकच देव, आकाशाचा धनी. त्याला पुढे रहमानन म्हणू लागले. देवळांऐवजी 'मिक्राब' नावाची प्रार्थनागृहं दिसू लागतात. झफारजवळ यहूदा यक्कुफ नावाच्या गृहस्थाने घर बांधल्याचा लेख आहे. आपल्याला निर्माण करणाऱ्या धन्याच्या कृपेने, आपल्या इस्राएल लोकांच्या प्रार्थनेने आणि राजाच्या पाठबळावर घर उभं राहिलं, असं तो म्हणतो. मुख्य मजकूर मुसनद (जुन्या दक्षिण अरबी) लिपीत सुबक कोरलेला, आणि मधल्या चिन्हात बारीक हिब्रू अक्षरांत 'आमेन, शालोम'. म्हणजे यूसुफ काही आभाळातून पडला नव्हता. त्याच्या आधी जवळजवळ १४० वर्षं हिम्यरच्या गादीवर एकेश्वरी राजे होते.

सहाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रापलीकडचं अक्सुम (आजचं इथिओपिया-इरिट्रिया) जोरात होतं. ते ख्रिश्चन, आणि बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राटाच्या मर्जीतले. त्यांच्या पाठिंब्यावर मअदिकरिब यअफुर हिम्यरच्या गादीवर आला. ५२१ मध्ये त्याने मध्य अरबस्तानात मोहीम केली, त्याचाही शिलालेख आहे. तो गेला आणि यूसुफने गादी घेतली. झफारमध्ये अक्सुमची शिबंदी होती, ती त्याने कापून काढली, तिथलं चर्च जाळलं. मग किनारपट्टीवर उतरून अशअर लोकांचा मुलूख आणि मुखवान (हेच आजचं मोखा) उद्ध्वस्त केलं.

हे आपण त्याच्या शत्रूंकडून ऐकत नाही. त्याचा सेनापती शराहिल यक्बुल, यझन घराण्यातला, नजरानच्या (आज दक्षिण सौदी अरेबियात) उत्तरेला हिमाच्या विहिरींजवळ तळ देऊन होता. त्याने खडकावर सगळं लिहून ठेवलं: १२,५०० मारले, ११,००० कैद केले, उंट, गाई, शेळ्यामेंढ्या मिळून २,९०,००० जनावरं लुटीत आली. आसपास आणखी दोन लेख आहेत, त्यांत आकडे थोडे इकडेतिकडे. तारीख हिम्यरी सन ६३३, म्हणजे इ.स. ५२३चा जून-जुलै. फडावरच्या कारकुनाने वसुली मांडावी तसा कोरडा मजकूर.

त्यानंतर नजरान. कारवानांच्या वाटेवरचं श्रीमंत शहर, तिथे ख्रिश्चनांची मोठी वस्ती. ५२३च्या नोव्हेंबरात तिथे कत्तल झाली. शहराचा म्होरक्या हारिस इब्न कअब आणि त्याचे साथीदार मारले गेले. ख्रिश्चन जगात ही बातमी वणव्यासारखी पसरली. ५२५ मध्ये अक्सुमचा राजा कालेब आरमार घेऊन उतरला आणि यूसुफचं राज्य संपलं.

माझं मत आधीच सांगतो. या माणसाला हुतात्मा करणारेही आहेत आणि राक्षस करणारेही. मला दोन्हींपेक्षा तो हिमाचा खडक जास्त विश्वासाचा वाटतो. आणि तो खडक यूसुफची बाजू मुळीच सावरत नाही.

—

पोटोबा

वाखूसा (वाचनखूण साठवली). मोखा जाळणारा राजा म्हणून कॉफीवाल्यांच्या वतीने जाहीर निषेध.

—

दगडी दप्तर

पोटोबा, कॉफी यायला तेव्हा आणखी नऊशे वर्षं अवकाश होता. निषेध मागे घ्या.

—

तिरका प्रश्न

लेख छान, पण तो ज्यू होता हे कशावरून? रहमानन तर पुढे ख्रिश्चन राजांच्या लेखांतही येतो. नुसत्या एकेश्वरवादाला ज्यू धर्म म्हणायचं का? आणि ३८० नंतरचे राजे ज्यू होते असं तुम्ही धरून चाललाय.

—

दगडी दप्तर

मी 'एकेश्वरी' लिहिलंय, ते जाणूनबुजून. आधीच्या राजांचे लेख फार सावध आहेत. एक देव, आकाशाचा धनी, बस. ना मोशे, ना मसीहा. फ्रेंच अभ्यासक क्रिस्तियां रोबँ यांच्या मते दरबाराने ज्यू धर्मच पत्करला होता, फक्त राजलेखांत तो उघड मिरवला नाही. इतर काहींना तो ज्यू धर्माकडे झुकलेला एकेश्वरवाद वाटतो.

यूसुफच्या बाबतीत मात्र शंकेला फार जागा नाही. हिमाच्या लेखाच्या शेवटी 'यहुद्यांचा धनी' असं देवाला म्हटलंय. राजाचं नाव यूसुफ, हे हिम्यरी राजांच्या पारंपरिक नावांत बसत नाही. आणि सिरियाक, ग्रीक, अरबी, तिन्हींकडचे लोक तो ज्यू असल्याचं सांगतात. एरवी त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

आणखी एक गंमत बघा. आधीचे राजे 'सबा, झू-रैदान, हद्रमौत, यमनत आणि डोंगर-किनाऱ्यावरच्या अरबांचा राजा' अशी हातभर बिरुदावली लावायचे. यूसुफच्या लेखात फक्त 'सर्व टोळ्यांचा राजा'. बळकावलेली गादी होती, हे त्यातून कळतं असं मला वाटतं.

—

घाटावरचा गडी

यात धर्म कमी आणि राजकारण जास्त आहे हो. परकी शिबंदी राजधानीत बसलीय, गादीवर त्यांचा माणूस, बंदरांवर त्यांचा डोळा. एकाने उठून त्यांना हाकललं. कुठल्याही देशात याला स्वातंत्र्याची लढाई म्हणतील. चर्च जाळली कारण ती अक्सुमची ठाणी होती. नजरान फोडलं कारण ते शत्रूला सामील होतं. शिवाय शिलालेखात नजरानच्या कत्तलीचा उल्लेखच नाही, ती कथा सगळी ख्रिश्चन पत्रांतली. पराभूताचा इतिहास जेते लिहितात.

—

ज्वारीचं कणीस

गडीभाऊ, तारखा बघा ना. शिलालेख जून-जुलैतला, कत्तल नोव्हेंबरातली. जे अजून घडलंच नाही ते शराहिल खडकावर कसं कोरणार? त्या लेखात नजरानला वेढा घालून बसलेलं सैन्य आहे. पुढे काय झालं ते दुसरीकडूनच कळणार.

आणि ते 'दुसरीकडून' अगदीच मागाहून रचलेलं नाही. ५२४च्या सुरुवातीला हीरा (आजच्या इराकातलं) इथला अरब राजा मुंधिर याच्या तळावर, रमला नावाच्या ठिकाणी, बायझंटाइन दूत आले होते. मुंधिरने दोन रोमन सेनापती पकडले होते, त्यांना सोडवायला. त्यांच्यासोबत बेथ अर्शामचा बिशप शिमोन होता. तेवढ्यात हिम्यरहून यूसुफचा जासूद पत्र घेऊन आला: मी माझ्याकडचे ख्रिश्चन संपवले, तूही तुझ्याकडचे संपव. शिमोनने हे ऐकून लगेच आपल्या लोकांना लिहिलं. घटनेनंतर काही महिन्यांतलं हे लिखाण आहे. बिशपने तिखटमीठ लावलं असेल, पण मूळ बातमी त्याने शत्रूच्याच तोंडून ऐकली होती.

त्यात रुह्म नावाच्या बाईची हकिगत आहे. नजरानची बडी असामी. इतकी पैसेवाली, की आधीच्या राजाला, मअदिकरिबला, अडचणीत तिने कर्ज दिलं होतं. तिला भर रस्त्यात आणून धर्म सोड म्हणून सांगितलं गेलं, तिने नकार दिला. आधी तिच्या मुलींना तिच्यासमोर मारलं, मग तिला. याला ठाणं उठवणं म्हणायचं का?

—

घाटावरचा गडी

मी कत्तलीचं समर्थन केलेलं नाही. कारण सांगतोय. यूसुफला धर्मच संपवायचा असता तर हारिसला आधी अभय कशाला दिलं असतं?

—

ज्वारीचं कणीस

दरवाजे उघडून घ्यायला. शपथेवर अभय दिलं आणि मग मोडलं, असंच त्या पत्रात आहे. ख्रिश्चन परंपरेत हारिसचा, म्हणजे त्यांच्या अरेथासचा, दिवस २४ ऑक्टोबरला पाळतात, ३४० साथीदारांसह.

—

दगडी दप्तर

दोघांचंही वाचतोय. मला 'धर्म की राजकारण' हा प्रश्नच त्या काळाला नीट लागू होत नाही असं वाटतं. सहाव्या शतकात लाल समुद्रावर तुम्ही ख्रिश्चन झालात म्हणजे कॉन्स्टँटिनोपल आणि अक्सुमच्या गोटात गेलात. नजरानच्या लोकांनाही ते ठाऊक होतं, यूसुफलाही. म्हणून तर 'धर्म सोड' ही मागणी त्याच्या दृष्टीने निष्ठेची परीक्षा होती. रुह्मसाठी मात्र ती धर्माचीच होती, आणि मेली ती.

—

स्पष्टवक्ता_७

म्हणजे आजच्या पश्चिम आशियातल्या भांडणाची सुरुवात इथेच झाली तर! यावर लिहा की, घाबरता कशाला?

—

संपादक मंडळ

आजच्या राजकारणासाठी वेगळे धागे आहेत. इथे विषयाला धरून लिहावे. दोन अवांतर प्रतिसाद उडवले आहेत.

—

मस्कतची मावशी

आमच्याकडे सलालाला अजूनही लोबान जोरात. बाजारात बाया टोपलीत खडे घेऊन बसतात, पांढुरके-हिरवट खडे महाग, लालसर स्वस्त. नवरा म्हणतो घराचं देऊळ केलंस. या सगळ्या भांडणात लोबानचा वाटा किती होता?

—

दगडी दप्तर

मावशी, लोबानच्या ऐन भराचा काळ तोवर ओसरला होता, पण व्यापाराची वाट तीच होती. हद्रमौतचं कना बंदर त्यासाठीच प्रसिद्ध. बंदराच्या डोक्यावर काळ्या दगडाची टेकडी आहे, हुस्न-अल-गुराब, म्हणजे कावळ्याचा किल्ला. यूसुफच्या मरणाचा दगडी पुरावा नेमका तिथे आहे. हिम्यरी सन ६४०, इ.स. ५३०-३१. सुम्यफअ अश्वअ आणि त्याच्या मुलांनी किल्ल्याची डागडुजी करून लिहिलंय, की हबशींनी हिम्यरवर सैन्य धाडून हिम्यरच्या राजाला आणि त्याच्या सरदारांना मारलं, तेव्हाची ही गोष्ट. राजाचं नाव मात्र लिहिलेलं नाही.

—

खारवी

या हुस्न-अल-गुराबचा मुंबईशी संबंध आहे, तो राहिला. १८३४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचं 'पॅलिन्युरस' हे सर्वेक्षण जहाज त्या किनाऱ्याची मोजणी करत होतं. त्यावरचा जेम्स वेलस्टेड नावाचा तरुण अधिकारी टेकडी चढून गेला आणि त्याने हा लेख उतरवून घेतला. या आरमाराचा तळ मुंबई. तेव्हा मुसनद लिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८४०च्या सुमारास, जर्मनीत हाले इथे, गेसेनियस आणि रोडिगर यांच्याकडून, आणि त्यात वेलस्टेडच्या नकलांचा उपयोग झाला.

आता माझा आवडता विषय, जहाजं. कालेबच्या स्वारीसाठी कुठून किती गलबतं आली याची यादी अरेथासच्या ग्रीक चरित्रात आहे: क्लिस्मा (सुएझजवळ) २०, ऐला (आजचं अकाबा) १५, योताबे बेट ७, फरसान बेटं ७, बेरेनिके २ आणि हिंदुस्थान ९. एकूण ६०. इतकी नेमकी यादी एखाद्या जकात नाक्यावरून उचलल्यासारखी वाटते. 'हिंदुस्थान' शब्द तेव्हा फार सैल वापरत, त्यामुळे ती नऊ गलबतं आपल्याच किनाऱ्याची होती असा दावा मी करणार नाही. पण हिंदी समुद्रातली जहाजं खिळे न मारता काथ्याने शिवलेली असत, हे त्या काळचे ग्रीक लेखक आवर्जून लिहितात. मालवणपासून केरळपर्यंत अशा शिवलेल्या होड्या पार अलीकडेपर्यंत होत्या.

आणि याच तयारीच्या वेळी कोस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी अक्सुमच्या अदुलिस बंदरात हजर होता. राजा कालेब हिम्यरवर निघालाय, आणि त्याला बंदराबाहेरच्या संगमरवरी सिंहासनावरचा जुना ग्रीक लेख उतरवून हवाय. कोस्मासने तो उतरवून दिला. हाच कोस्मास 'कल्लिआना' बंदराबद्दल लिहितो: तिथे पितळ, लाकूड आणि कापड मिळतं, आणि इराणहून नेमलेला बिशप आहे. बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. म्हणजे नजरानची बातमी कल्याणच्या गोदीवर पोचायला एका पावसाळ्यापेक्षा जास्त वेळ लागला नसावा. हा आपला माझा अंदाज.

—

पोटोबा

कल्याणला बिशप होता?! आम्ही इतकी वर्षं फक्त लोकल बदलायला उतरतो.

—

रेवदंडा लोकल

बेने इस्रायल तिकडूनच आले का? आमच्याकडे शनिवार तेली म्हणून जुनी ओळख. आजी सांगायची, त्यांची गलबतं नौगावला फुटली.

—

दगडी दप्तर

त्यांची स्वतःची परंपरा तीच, नौगावजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली. येमेनकडून आले असावेत असं म्हणणारे आहेत, पण यूसुफच्या पराभवानंतर पळालेले ते हेच, असं म्हणायला एकही लेख किंवा नाणं हाताशी नाही. खात्रीचा दुवा बराच नंतरचा: एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या कारभाराखाली होतं, आणि मुंबईच्या पलटणींतले बेने इस्रायल शिपाई तिथे जात. तिथे त्यांना येमेनी ज्यू भेटले. त्या येमेनी ज्यूंपैकी ४९,००० च्या आसपास लोक पुढे १९४९-५० मध्ये एडनहूनच विमानांनी इस्राएलला गेले.

—

मिरजेचा तंबोरा

लहानपणी मदरशात कुराणातली सूरह बुरूज शिकलो, त्यात 'खंदकवाले' येतात. आग पेटवलेला खंदक, त्यात इमानदारांना टाकणारे, आणि काठावर बसून बघणारे. मौलाना झू नुवासचं नाव घ्यायचे. नंतर वाचलं तेव्हा लक्षात आलं, की आयतीत राजाचंही नाव नाही आणि गावाचंही. नजरानशी जोड इब्न इसहाकसारख्या जुन्या मुस्लिम इतिहासकारांनी घातली. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात याच खंदकाची वेगळी गोष्ट आहे: राजा, त्याचा जादूगार आणि एक मुलगा. तिथेही राजा निनावी. पण नजरानचे मेलेले ख्रिश्चन इमानदार म्हणून स्मरणात राहिले, हे मला फार मोठं वाटतं.

—

वाळवंटी पाना

नजरानला नोकरीला होतो. तिथल्या जुन्या शहराच्या अवशेषांना अल-उखदूद असंच नाव आहे. मोठमोठ्या तासलेल्या दगडांचा कोट, त्यावर कोरलेले साप, घोडे. आत एक दगडी जातं आहे, ते ओढायला बैलजोडीही कमी पडावी. हिमा तिथून उत्तरेला, गाडीने दीडेक तास. २०२१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कातळावर उंट, शहामृग, भालेवाले, आणि मधूनच या लेखाच्या ओळी. अक्षरं इतकी सरळ, की पट्टी लावून काढल्यासारखी. पाचव्या शतकातल्या सुरुवातीच्या अरबी लिपीतली नावं आणि शेजारी क्रूस, तेही त्याच परिसरात सापडलेत.

—

तिरका प्रश्न

झकास. पण शेवट राहिला. घोडा घेऊन समुद्रात गेला म्हणतात, ते खरं काय?

—

दगडी दप्तर

ती गोष्ट इब्न इसहाककडून नंतरचा इतिहासकार तबरी याच्यापर्यंत येते. सैन्य फुटलेलं बघून त्याने घोडा समुद्रात घातला, उथळ पाण्यातून खोल पाण्यात गेला आणि कुणाला पुन्हा दिसला नाही. ग्रीक चरित्रात कालेब त्याला पकडून मारतो. कावळ्याच्या किल्ल्यावरचा लेख 'मारलं' म्हणतो, आणि तो लिहिणारे त्या पिढीतलेच होते. मी दगडाबरोबर जाईन. गोष्ट म्हणून घोडाच भारी आहे, आणि येमेनी परंपरेने तोच जपला हेही साहजिक.

—

घाटावरचा गडी

शेवटचं विचारतो. अक्सुमच्या मागे रोम होतं. मग इराण यूसुफच्या मदतीला का आलं नाही? मुंधिर तर त्यांचाच मांडलिक.

—

दगडी दप्तर

मुंधिरला तेव्हा रोमन कैद्यांची खंडणी हवी होती, आणि त्याच्या स्वतःच्या सैन्यातही ख्रिश्चन अरब होते. रमलाच्या तळावर त्यांच्यातल्याच एकाने त्याला तोंडावर ऐकवलं, असं शिमोनच लिहितो. इराणहून येमेन लांब, मधे सगळं वाळवंट, त्यामुळे यूसुफ एकटा पडला.

इराणी आले, पण ५७०च्या आसपास. मधल्या काळात सुम्यफअ गेला, अब्राहा नावाच्या हबशी सेनापतीने सत्ता बळकावली, ५४८ मध्ये मारिबचं धरण दुरुस्त केलं (त्याच्यावर वेगळा धागा काढतो, हत्तीच्या गोष्टीसकट). मग अब्राहाच्या वारसांना हाकलायला इराणी फौज बोलावून आणली ती सैफ इब्न झी यझनने. आडनावासारखं ते 'यझन' बघा. हिमाच्या खडकावर यूसुफचे विजय कोरणारा शराहिल यझनचा. कावळ्याच्या किल्ल्यावर यूसुफच्या राज्याचा शेवट कोरणारा सुम्यफअही यझनचाच, आणि अक्सुमने नंतर गादीवर बसवला तो त्याच नावाचा माणूस. राजे आले-गेले, यझनवाले सरदारकी सांभाळून होते.